डेन म्हणजे नेमकी कुठली खोली?

अमेरिकेत घर शोधायला लागलं की जाहिरातीत एक ओळ वारंवार भेटते: ‘३ बेडरूम, अडीच बाथ, प्लस डेन’. बेडरूम काय ते कळतं. अडीच बाथचा हिशेबही चार घरं बघितली की अंगवळणी पडतो. अर्धं बाथ म्हणजे नुसतं कमोड आणि बेसिन, अंघोळीची सोय नाही. घोडं अडतं ते डेनपाशी. एका घरात डेन म्हणून दहा बाय अकराची, भिंतीत पुस्तकांचे कप्पे असलेली खोली दाखवतात. दुसऱ्या घरात त्याच नावाखाली फायरप्लेस आणि भलामोठा टीव्ही असलेला ऐसपैस दिवाणखाना निघतो. तिसऱ्या घरात ती जिन्याशेजारची बिनदाराची, बिनखिडकीची जागा असते. एजंटला विचारावं तर तो म्हणतो, ‘तुम्हाला हवी तशी वापरा.’

उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण खोटं नाही. फक्त पुढचं एक वाक्य तो गिळतो: हवी तशी वापरा, पण बेडरूम म्हणून मोजू नका. डेन कशासाठी असते हे कुणीच धड सांगत नाही. ती काय नसते हे मात्र इमारतीच्या नियमांनी, सांडपाण्याच्या नियमांनी आणि बँकेच्या मूल्यांकनाने पक्कं करून ठेवलेलं आहे. आणि ज्या खोलीचं काम ठरलेलं नाही, तिच्यात घरातल्या बिनजागेच्या माणसाची किंवा वस्तूची सोय लागते. आधी नवऱ्याच्या चिरुटाची लागली, मग टीव्हीची, मग ऑफिसच्या कामाची, आणि आपल्या लोकांच्या घरात सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची.

पुण्या-मुंबईत बिल्डर ‘अडीच बीएचके’ विकतात, त्यातली अर्धी खोली डोळ्यांसमोर आणलीत तर बरंचसं काम झालं. फरक एवढाच की आपल्याकडे ती आकाराने लहान म्हणून अर्धी, तिकडे डेन चांगली बेडरूमएवढी असली तरी हिशेबात ती बेडरूम नाही.

घरात ती असते कुठे

अमेरिकन घराचे ढोबळ दोन भाग पडतात. आल्यागेल्याला दिसणारा भाग, म्हणजे लिव्हिंग रूम, डायनिंग, किचन. आणि घरच्यांपुरता भाग, म्हणजे बेडरूम, बहुतेक वेळा जिन्याने वर. डेन या दोन्हींच्या मध्ये येते. दुमजली घरात ती बहुधा तळमजल्यावर असते (तिकडे त्यालाच ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणतात, यावरून फोनवर होणारे घोळ वेगळेच), पुढच्या दाराला लागून किंवा किचनच्या मागच्या अंगाला. आकार साधारण शंभर ते दीडशे चौरस फूट.

पण प्रांताप्रांतात खोली बदलते. टेक्सास, जॉर्जिया अशा दक्षिणेकडच्या राज्यांत ‘डेन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घरातली सगळ्यात वापरातली खोली येते: मागच्या बाजूची, फायरप्लेसवाली, टीव्हीसमोर पाय पसरायची. तिथल्या जुन्या विटांच्या बैठ्या घरांत पुढे एक औपचारिक लिव्हिंग रूम असते, तिथला सोफा वर्षानुवर्षं नव्यासारखा राहतो, कारण त्यावर कुणी बसतच नाही. संसार चालतो तो डेनमध्ये. पश्चिमेला वॉशिंग्टन-ओरेगॉनकडे मात्र डेन म्हणजे प्रवेशदाराजवळची, काचेच्या दुहेरी दारांची छोटी खोली, अभ्यासाची किंवा ऑफिसची. ईशान्येकडे दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून अटलांटाचा मित्र आणि सिअ‍ॅटलचा मित्र डेनबद्दल बोलायला लागले की दोघं दोन वेगळ्या खोल्यांबद्दल बोलत असतात.

फॅमिली रूम, स्टडी, बोनस रूम, फ्लेक्स रूम ही सगळी तिची भावंडं. फॅमिली रूम मोठी आणि उघडी, किचनला चिकटलेली. बोनस रूम म्हणजे बहुधा गॅरेजच्या वर, उतरत्या छपराखाली काढलेली जागा. फ्लेक्स रूम हे अलीकडच्या बिल्डरांनी डेनलाच दिलेलं नवं नाव. यांच्यात काटेकोर सीमा शोधण्यात अर्थ नाही. जाहिरात लिहिणारा जे नाव विकलं जाईल ते लावतो.

नवऱ्याची खोली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घरात पार्लर नावाची खोली असे. पाहुणे तिथे बसत, पियानो तिथे असे, आणि तिच्यावर राज्य घरच्या बाईचं. जड पडदे, मखमली गाद्या, नाजूक शोभेच्या वस्तू. या सगळ्यात चिरुटाचा आणि पाइपचा वास मुरला की निघता निघत नसे. बड्या हवेल्यांमध्ये यावर उपाय होता: ओढणाऱ्यांची स्मोकिंग रूम वेगळी, बिलियर्ड्सची वेगळी, ग्रंथालय वेगळं. मध्यमवर्गी माणसाला एवढ्या खोल्या कुठल्या परवडायला? त्याने या सगळ्यांची मिळून एक छोटी खोली काढली आणि जनावराच्या बिळाचं नाव तिला दिलं. भिंतीवर हरणाची शिंगं, बंदूक, पाइप ठेवायची घडवंची, चामड्याची खुर्ची.

त्या काळात या खोल्यांना ‘पौर्वात्य’ थाट द्यायची टूम निघाली होती. गालिचे, लोडासारख्या उशा, पितळेची तबकं, कोरीव तिवया. तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान, सगळं एकाच कोपऱ्यात. या हौसेचा एक धागा थेट तेव्हाच्या मुंबई इलाख्यात पोचतो. लॉकवुड डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन सजावटकाराने १८८१ मध्ये अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर लाकडी कोरीवकामाचा कारखाना उभा केला आणि तिथले नक्षीदार पट्टे, पटलं, दरवाजे अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या घरांत नेऊन बसवले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या न्यू यॉर्कच्या हवेलीतली त्याने सजवलेली ग्रंथालयाची खोली आजही बघता येते. ती हवेली आता कूपर ह्यूइट संग्रहालय आहे आणि खोलीला ‘टीक रूम’ म्हणतात. न्यू यॉर्कला आलात तर पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर चक्कर टाका. ती साध्या माणसाची डेन नव्हे, पण साधा माणूस आपल्या डेनमध्ये स्वस्तात जे जमवू पाहत होता, त्याचं महागडं रूप तिथे दिसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरं आटोपशीर झाली. पार्लर गेलं, त्याजागी सगळ्यांची लिव्हिंग रूम आली. सिअर्स कंपनी १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून चक्क घरं विकत असे. लाकूड, खिळे, दारं, खिडक्या, सगळं मोजून रेल्वेने पाठवायचं आणि गिऱ्हाइकाने जागेवर जोडायचं. त्यातल्या काही नकाशांत डेन दिसते, पण ती चैनच होती. बहुसंख्य घरांत ती नव्हती.

टीव्ही आला आणि खोली बदलली

दुसरं महायुद्ध संपल्यावर लाखो सैनिक परतले, लग्नं झाली, मुलं झाली, घरांची मागणी आभाळाला भिडली. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ मध्ये लेव्हिटटाउनची घरं भराभर उठायला लागली. साडेसातशे चौरस फूट, दोन बेडरूम, तळघर नाही, वर पोटमाळा अर्धवट ठेवलेला. डेन अर्थातच नाही. लोकांनी पोटमाळा स्वतः ठोकून-ठाकून पुरा केला, नाहीतर बाजूला खोली वाढवली. रविवारी हातोडी घेऊन घरात खुडबुड करणारा अमेरिकन बाप हे चित्र बरंचसं याच काळातलं.

आणि मग टीव्ही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या साधारण ९ टक्के घरांत टीव्ही होता. १९६० मध्ये तो जवळजवळ ८७ टक्क्यांवर गेला. लेव्हिटटाउनच्या १९५०च्या घरात तर टीव्ही भिंतीतच बसवून मिळत होता. दहा वर्षांत एक आवाज करणारी पेटी घराच्या मधोमध येऊन बसली. मुलांना कार्टून बघायचं, बापाला सामना, आणि त्याच खोलीत पाहुण्यांना कॉफी द्यायची, जमणार कसं? जॉर्ज नेल्सन आणि हेन्री राइट या दोन वास्तुरचनाकारांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की घरात एक आणखी खोली लागणार आहे, जिला अजून नाव नाही. ती खोली पुढे कुणाकडे फॅमिली रूम झाली, कुणाकडे रेक रूम (रिक्रिएशन रूम, खेळायची-रमायची खोली), आणि अनेकांकडे डेन. बापाची एकट्याची खोली अशी सगळ्या घराची झाली. चामड्याची खुर्ची मात्र त्याने सोडली नाही.

पन्नास-साठच्या दशकातली स्प्लिट-लेव्हल घरं अजून हजारोंनी उभी आहेत. दारातून आत गेलं की अर्धा जिना वर, अर्धा खाली. खालचा भाग जमिनीत निम्मा रुतलेला, शेजारी गॅरेज, आणि तिथे डेन. अशा डेनची भिंत एकदा जवळून बघण्यासारखी असते. दिसायला उभ्या लाकडी फळ्या एकमेकींना लावून ठोकल्यासारख्या दिसतात. बोटाने चाचपलं तर कळतं की ती आठ फूट उंच, चार फूट रुंद अशी पातळ प्लायवुडची एकसंध शीट आहे आणि फळ्यांमधल्या फटी म्हणजे यंत्राने पाडलेल्या खाचा. खाचांमधली अंतरं मुद्दाम असमान, म्हणजे अस्सल फळ्यांचा भास व्हावा. पण त्यातल्या काही खाचा बरोबर १६ इंचांवर येतात, कारण आतल्या लाकडी सांगाड्याचे उभे वासे दर १६ इंचांवर असतात. खिळा त्या खाचेत मारला की तो वाशात घुसतो आणि डोकं काळ्या खाचेत दिसेनासं होतं. जुनं घर घेतलेल्या कितीतरी जणांनी हे पॅनेलिंग ‘भयाण तपकिरी’ म्हणून उपटून टाकलं. मला ते आवडतं. एवढ्या स्वस्त मालात एवढी हुशारी क्वचितच सापडते.

या काळातली सगळ्यात प्रसिद्ध डेन मेम्फिसला आहे. एल्व्हिस प्रेस्लीच्या ग्रेसलँड या घरातली ‘जंगल रूम’ हजारो पर्यटक बघतात. घरातले लोक तिला साधं ‘डेन’ म्हणत. कोरीवकामाचं अवजड फर्निचर, पाणी झिरपणारी दगडी भिंत, आणि हिरवा, लांब झुलपांचा गालिचा, जमिनीवर आणि छतावरसुद्धा. १९७६ मध्ये रेकॉर्डिंगची यंत्रसामग्री घरी आणून एल्व्हिसने याच खोलीत गाणी ध्वनिमुद्रित केली. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गायकाला स्टुडिओत जायचा कंटाळा आला, तेव्हा काम घरच्या डेनमध्ये आलं. २०२० मध्ये बाकीच्यांना हेच करावं लागलं.

बेडरूम का नाही

आता मेख. अमेरिकेत इमारतींचे नियम राज्य आणि गाव ठरवतं, पण बहुतेक ठिकाणी पाया एकाच नमुना-संहितेचा असतो, तिचं नाव इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड. नावात इंटरनॅशनल असलं तरी ती मुख्यतः अमेरिकेतच चालते. या संहितेनुसार राहण्याजोगी खोली किमान ७० चौरस फुटांची आणि कुठल्याही बाजूने किमान ७ फुटांची हवी. इथपर्यंत डेन आरामात पास होते.

अडतं ते खिडकीशी. माणूस जिथे झोपतो त्या खोलीला थेट बाहेर उघडणारी सुटकेची वाट हवी, दार किंवा खिडकी. खिडकी असेल तर ती उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट हवी (जमिनीलगतच्या मजल्यावर ५ चालते), उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नको. २४ ला २० ने गुणलं तर साडेतीन चौरस फूटसुद्धा होत नाहीत, म्हणजे दोन्ही मापं किमान ठेवून भागत नाही. एक तरी वाढवावंच लागतं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. रात्री घराला आग लागली, जिना धुराने भरला, तर झोपेतून उठलेल्या माणसाला त्या खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे आणि पाठीवर हवेची टाकी घेतलेल्या अग्निशमन जवानाला आत येता आलं पाहिजे. अमेरिकन घराचा सांगाडा लाकडी असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे या इंचांचं महत्त्व पटतं. शिवाय प्रत्येक बेडरूममध्ये धुराचा अलार्म सक्तीचा.

अर्धवट जमिनीत असलेल्या डेनची खिडकी बहुधा छताजवळची आडवी पट्टी असते. उजेड येतो, माणूस जात नाही. म्हणून ती डेन.

इथे एक समज सार्वत्रिक आहे: भिंतीतलं कपाट, म्हणजे क्लॉझेट, नसेल तर ती बेडरूम नाही. एजंट छातीठोकपणे सांगतात. या संहितेत मात्र क्लॉझेटची अट कुठेही नाही. ती गिऱ्हाइकाची अपेक्षा आहे, आणि बाजारात अपेक्षेला कायद्याइतकंच वजन असतं, एवढंच. क्लॉझेट नाही पण सुटकेची खिडकी आहे अशी डेन झोपायला सुरक्षित असू शकते. उलट झकास क्लॉझेट असलेली, पण खिडकी नसलेली खोली धोक्याची.

मोठ्या शहरांतल्या अपार्टमेंटांत प्रश्न निराळा. इमारत खोल आणि रुंद, बाहेरची भिंत थोडी. मधला जो भाग खिडकीपर्यंत पोचत नाही त्याचं करायचं काय? तिथे पार्टिशन टाकून ‘वन बेडरूम प्लस डेन’ होतं. न्यू यॉर्क शहरात बेडरूम किमान ८० चौरस फुटांची आणि खिडकीची लागते, म्हणून तिथल्या जाहिरातींत अशा खोलीला ‘होम ऑफिस’ म्हणतात. भाडं ठरवताना मात्र घरमालक तिला खोली म्हणूनच मोजतो.

संडासाच्या टाकीचा आणि डेनच्या दाराचा संबंध

हा भाग मला सगळ्यात मजेचा वाटतो, आणि नव्याने घर घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

आमच्या मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात शहर सोडून जरा बाहेर गेलं की गटाराची सार्वजनिक लाइन संपते. प्रत्येक घराची स्वतःची सेप्टिक टँक आणि मागच्या अंगणात पाणी जिरवायचं क्षेत्र. ही यंत्रणा किती मोठी हवी? राज्याचा ‘टायटल ५’ नावाचा नियम म्हणतो, दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आतबाहेर. घरात माणसं किती राहतात हे विचारात घेतलं जात नाही, कारण माणसं बदलतात. बेडरूम तेवढ्याच राहतात. तीन बेडरूमचं घर, ३३० गॅलन. चौथी बेडरूम आली की ४४०, आणि अंगण उकरून यंत्रणा वाढवायची. हा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि जमीन पाणी नीट जिरवणारी नसेल तर ती वाढवताच येत नाही.

आता अशा घरात कुणी डेन काढली, तिला दार लावलं, खिडकी आहे, आकारही सत्तरच्या वर. तुम्ही तिला डेन म्हणा नाहीतर देवघर, गावचं आरोग्य खातं म्हणतं, ही बेडरूम होऊ शकते, सबब ती बेडरूम. यावर तोड अशी की दारच ठेवायचं नाही. भिंतीत चार-पाच फूट रुंद उघडी कमान, म्हणजे आतल्या माणसाला आडोसा नाही, म्हणजे बेडरूम नाही. बऱ्याच घरांतल्या डेनना दार का नसतं याचं उत्तर असं अंगणातल्या मातीखाली असतं.

याच नियमात आणखी एक गंमत आहे. घरात आठहून जास्त खोल्या असतील (बाथरूम, पॅसेज वगैरे सोडून), तर एकूण खोल्यांना दोनने भागून येईल तेवढ्या बेडरूम धरायच्या, अपूर्णांक सोडून द्यायचा. म्हणजे तीन बेडरूमच्या आठ खोल्यांच्या घराला नववी खोली म्हणून डेन जोडली, की कागदावर साडेचारच्या चार बेडरूम. दाराला कडी असो-नसो.

मोजणीचा खेळ

बेडरूमचा आकडा वाढला की घराची किंमत वाढते, त्यामुळे विकणाऱ्याला डेनमध्ये पलंग टाकून फोटो काढायचा मोह होतो. फोटोला फसू नका, खिडकी बघा. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस बघतोच. अर्धवट जमिनीखालच्या डेनची तर दुहेरी पंचाईत: फॅनी मे या गृहकर्जातल्या बड्या संस्थेने एप्रिल २०२२ पासून मोजणीचं ठरावीक मानक सक्तीचं केलं आहे आणि त्यानुसार जमिनीच्या पातळीखाली असलेलं क्षेत्रफळ घराच्या मुख्य क्षेत्रफळात धरत नाहीत, वेगळं दाखवतात. खोली कितीही सजवलेली असो. जाहिरातीत २,२०० चौरस फूट आणि मूल्यांकनात १,६०० असा घोळ झाला की बहुतेक वेळा त्याचं मूळ खालच्या डेनमध्ये असतं.

भाड्याच्या घरात डेन एका वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडते. अनेक घरमालक ‘एका बेडरूममागे दोन माणसं’ असा नियम लावतात. नवरा-बायको आणि तीन मुलं असतील तर दोन बेडरूमचं घर नाकारलं जाऊ शकतं. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचं १९९१चं एक टिपण आहे, ‘कीटिंग मेमो’ या नावाने ओळखलं जातं. मुलं असलेल्या कुटुंबाशी भेदभाव झाला की नाही हे ठरवताना काय बघायचं, हे त्यात उदाहरणांनी सांगितलंय. त्यातलं एक उदाहरण नेमकं हेच: पाच माणसांच्या कुटुंबाला एकीकडे दोन बेडरूमचं घर नाकारलं, दुसरीकडे दोन बेडरूम अधिक डेन असलेलं घर नाकारलं. बाकी सगळं सारखं असेल तर दुसऱ्या प्रकरणात भेदभावाचा आरोप लागण्याची शक्यता जास्त, असं ते टिपण म्हणतं. म्हणजे जी खोली बेडरूम नाही, तिलाही माणसांचा हिशेब करताना वजन आहे. सरकारी कागदात असा समजूतदारपणा कमी आढळतो.

लॅपटॉप आणि आई-बाबा

नव्वदीनंतर घरांतल्या भिंती पडत गेल्या. किचन, डायनिंग, फॅमिली रूम सगळं एक. दिसायला प्रशस्त, पण कुकरची शिट्टी, टीव्ही आणि मुलांची भांडणं एकाच हवेत. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा तळमजल्यावर दार लावून बसता येईल अशी एकच जागा अनेक घरांत उरली होती, ती डेन. दार असलेल्या डेनचा भाव तेव्हा वधारला.

इथे करापुरतं एक सांगायला हवं, कारण दर एप्रिलच्या आधी हा प्रश्न आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो: डेनमध्ये ऑफिस आहे, मग करात सवलत मिळेल का? स्वतःचा धंदा असेल तर मिळू शकते. सोप्या पद्धतीत चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट, म्हणजे १,५०० डॉलर उत्पन्नातून वजा. पण पगारदार नोकरी असेल, तर २०१८ पासून केंद्राच्या करात ही सवलत नाही. एच-वन-बीवर आलेल्या, घरून काम करणाऱ्या इंजिनिअरला तिचा उपयोग शून्य. आणि धंदा असला तरी अट अशी की ती जागा नेमाने आणि फक्त धंद्यासाठीच वापरलेली हवी. दिवसा ऑफिस आणि रात्री तिथेच आजी झोपणार असेल, तर ती अट मोडली.

आजी झोपणार, हे मात्र होतंच. आई-बाबा पर्यटक व्हिसावर येतात, एका खेपेला साधारण सहा महिने राहतात. कधी सुनेचं बाळंतपण, कधी नुसताच नातवंडांचा सहवास. वरच्या बेडरूम भरलेल्या असतात आणि त्यांच्या गुडघ्यांना रोजचा जिना झेपत नाही. मग तळमजल्यावरच्या डेनमध्ये सोफा-बेड येतो, किंवा भिंतीत उभा घडी होणारा मर्फी बेड. (विल्यम मर्फी या सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाने एका खोलीत संसार करणाऱ्यांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो प्रचारात आणला.) खोली बघून आई म्हणते, ‘छान आहे रे, पण दार कुठंय?’ आता दाराचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, पण ते सांगून तिची सोय होत नाही. दोन भिंतींमध्ये दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड आणि जाड पडदा लावावा. तो घराचा भाग धरत नाहीत.

घर बघतानाच पुढे आई-बाबा येणार हे डोक्यात असेल, तर डेनइतकंच लक्ष तिच्या शेजारच्या बाथरूमकडे द्या. जाहिरातीतलं अडीचपैकी अर्धं बाथ बहुधा तळमजल्यावर असतं. म्हणजे झोपायला खाली आणि अंघोळीला रोज वर, ज्या जिन्याला टाळायचं म्हणून खाली सोय केली तोच जिना. तळमजल्यावर पूर्ण बाथ आणि त्याला लागून डेन, अशी जोडी मिळाली तर घर आपल्या लोकांत हातोहात जातं.

खिडकी आपल्या हातांनी उघडून बघा. जुन्या घरांत रंगाचे थरावर थर बसून ती चिकटलेली असते आणि उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात हीटर, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातच येत नाही. मेजरिंग टेप घेऊन खालच्या कडेची उंची मोजा. ४४ इंचांच्या वर असेल, तर सत्तरीतल्या माणसाला तिच्यावर चढता येणार नाही. छताला धुराचा अलार्म नसेल तर तो स्वतः लावा; डेनमध्ये तो असेलच असं नाही, कारण कागदोपत्री तिथे कुणी झोपतच नाही.

आणि सह्या करण्याआधी गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमध्ये जाऊन त्या पत्त्याची परमिटची फाइल मागा. बऱ्याच गावांत ती कुणालाही बघता येते. तुम्ही ज्याला डेन समजताय ते मुळात गॅरेज होतं का, आणि गॅरेजची खोली करताना कुणी परवानगी घेतली होती का, हे त्या फाइलमध्ये कळतं. फाइलमध्ये अजून गॅरेजच असेल, तर जमिनीखालचं इन्सुलेशन आणि भिंतीतली वायरिंग कुणीच तपासलेली नाही असं धरून चाला, आणि त्या खोलीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.